ठमीला ती गोळी देऊ नकोस

चि. मुग्धास,


फोन उचलत नाहीस, ऑफिसात असशील, म्हणून व्हॉट्सअॅपवरच लिहितोय. लांब झालं तरी शेवटपर्यंत वाच. सकाळी तुझी ताई बोलता बोलता म्हणाली की ठमी मांजरीच्या तोंडातून दोन दिवस लाळ गळतेय, अंगही गरम लागतंय, म्हणून मुग्धा तिला आज तापाची अर्धी गोळी दुधातून देणार आहे. मुग्धा, ती गोळी देऊ नकोस. अर्धी नको, पाव नको, चिमूटभरसुद्धा नको.

तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. आपलं यकृत ते निस्तरतं. मांजराच्या यकृतात त्याला लागणारं एन्झाइम पुरेसं नसतं. मग त्याचं विष होतं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, गुलाबी हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशेच्या गोळीतली अर्धी म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम. ठमीएवढ्या मांजराचा त्यात जीव जाऊ शकतो. आणि अंग गरम कशावरून ठरवलंस? हात लावून? मांजराचं अंग मुळातच १०१-१०२ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. मामाने सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात काढली आणि भाची विचारणार कोणाला, तर मोबाइलला!

खालच्या काकूंनी ‘मांजर पिसाळलं’ असं सोसायटीभर केलंय, तेही ताईने सांगितलं. पिसाळलेल्या जनावराचा घसा लुळा पडतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, हे खरं. पण तो रोग सहसा पिसाळलेलं जनावर चावल्यानेच लागतो. ठमी चौथ्या मजल्यावरून एकटी खाली उतरत नाही आणि तिची दरवर्षीची लस झालेली आहे. काकूंना कार्ड दाखव. तरी तिच्या तोंडात बोटं घालू नकोस. दात किंवा नख लागलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि स्वतःही डॉक्टरला दाखव.

लाळ गळते म्हणजे दर वेळी आजारच, असंही नाही. दिवाळीत आली होतीस तेव्हा ठमी माझ्या मांडीवर कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवत घुरघुरत होती आणि माझं धोतर ओलं झालं होतं. तू ओशाळलीस. ती सुखाची लाळ. पिल्लू आईच्या पोटावर असेच पंजे दाबत दूध पितं, ती सवय काही मांजरांची जन्मभर जात नाही. कुरवाळणं थांबलं की तीही थांबते. गाडीत मळमळलं, कडू औषध जिभेला लागलं तरी फेस येतो, तोही तात्पुरता.

आताची तशी नाही. ताई म्हणाली, खाताना मान वाकडी करते, घास तोंडातून पडतो, तोंडाला वास येतो. मला तरी हे दाढेचं किंवा हिरडीचं दुखणं वाटतं. नऊ वर्षांची झाली ती. या वयात हिरड्या सुजणं, दात मुळाशी झिजणं अगदी नेहमीचं. पण इथे बसून मी काय सांगणार? तुझ्या खिडकीतल्या मनी प्लँटची पानं कुरतडलेली नाहीत ना, ते बघ. त्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, जीभ सोलवटते. लादी फिनाईलने पुसत असशील तर बंद कर. मांजर त्यावरून चालतं आणि मग पाय चाटतं. तुझ्या भरतकामाचा दोरा जिभेखाली अडकलेला दिसला तर मात्र ओढू नकोस, आत आतडी कापली जातात. या सगळ्यावर त्या गोळीचा काही उपयोग नाही, हे आलं ना लक्षात?

तुला रागावलो, कारण तुझ्या आजीची मांजर, भुरी, मला आठवली. तुझी आई तेव्हा पाळण्यात होती. भुरीची अशीच लाळ गळायला लागली, पंजाने सारखी तोंड ओरबाडायची. आळीतले म्हणाले, पिसाळली. आमच्या अण्णांनी तिला पोत्यात घालून वाशिष्ठी नदीपलीकडे सोडून दिली. आदल्या रात्री तिला माशाचं डोकं मीच घातलं होतं. काटा अडकला असेल असं मनात आलं होतं, पण अण्णांपुढे तोंड उघडायची छाती झाली नाही. पुढे नोकरीत वरच्या दाढांमध्ये, टाळूला आडवा बसलेला काटा चिमट्याने कितीदा काढलेला पाहिला. क्षणभराचं काम असतं. दर वेळी भुरी आठवायची.

तू निदान काही करायला धावलीस. चुकीचं धावलीस, पण तिला कुठे टाकून आली नाहीस. दोन दिवस धड खाल्लेलं नाही म्हणजे आता उद्यावर ढकलू नकोस. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं. आजच तिला दवाखान्यात ने. रिक्षात लाळ जास्त गळेल, घाबरू नकोस, पिंजऱ्यात जुना टॉवेल घाल. डॉक्टर बहुधा भूल देऊन दात बघतील. आणि गोळी दिली गेलीच असेल तर किती आणि कधी, ते त्यांना पहिल्याच वाक्यात सांग. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेवर द्यावा लागतो. मी एक शब्द बोलणार नाही.

नोकरी सुटल्यापासून नव्या जागी तुला कमी पगार आहे, ते मला ठाऊक आहे. दवाखान्याचा खर्च टाळायला म्हणूनच गोळी आठवली ना? वेडी आहेस. पाच हजार आत्ताच पाठवतोय, कमी पडले तर सांग. ताईला यातलं काही कळायला नको. रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागा आहे.

तुझा,
दादामामा