परत आणून पाहिलेली प्रत

चि. सोनूस,



परवा फोनवर तू म्हणालीस, रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आहेत आणि ड्राइव्हवर आपोआप सिंक होतात, म्हणजे बॅकअप आहेच. सोनू, तो बॅकअप नाही. सिंकचं काम दोन ठिकाणं एकसारखी ठेवणं, एवढंच. इथे फोल्डर पुसलं गेलं की तिथेही पुसलं जातं. इथे फाइल बिघडली की तिथल्या चांगल्या फाइलच्या जागी बिघडलेली जाऊन बसते. कचरापेटीतून किंवा जुन्या आवृत्त्यांतून काही दिवस परत मागता येतं, हे खरं. पण एलान या लिप्यंतराच्या प्रोग्रॅममधल्या एखाद्या फाइलीत मे महिन्यात गडबड झाली आणि ती तुला दिवाळीत, प्रकरण लिहायला बसल्यावर कळली, तर तोवर ती मुदत उलटून गेलेली असते.

तुझ्याजवळ जे आहे ते पुन्हा मिळणारं नाही, म्हणून एवढं लिहितो आहे. प्रबंधाचा मजकूर गेला तर पुन्हा लिहिता येतो. महिने जातात, जीव मेटाकुटीला येतो, पण लिहिता येतो. आजऱ्याकडच्या त्या आजींनी जात्याचा खुंटा धरून म्हटलेल्या ओव्या तशाच पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत, आणि त्यांच्या वयाकडे पाहता उशीर करायची सोयही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्या आज आपल्यापर्यंत पोचल्या, कारण कागदावरचं संगणकात आलं आणि त्याची राखण पुढच्या माणसांनी आपल्या अंगावर घेतली. तुझ्या कामाची राखण सध्या तुलाच करायची आहे.

तू उबुंटू वापरतेस आणि टर्मिनलला घाबरत नाहीस, म्हणून मी तुला रेस्टिक घे असं सांगतो. अलेक्झांडर नॉयमान यांनी २०१४च्या सुमारास सुरू केलेलं हे बॅकअपचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. बटणं दाबायचे प्रोग्रॅम वाईट असतात असं नाही. पण कमांड ही लिहून ठेवलेली गोष्ट असते. काय कुठून घेतलं, कुठे ठेवलं, काय वगळलं, हे सहा महिन्यांनीही तुला त्याच एका ओळीत वाचता येतं. तीच ओळ तुझ्या मॅडमना दाखवता येते, आणि तू झोपलेली असताना यंत्राकडून चालवून घेता येते. संशोधनाची पद्धत तू ज्या काटेकोरपणे लिहून ठेवतेस, त्याच काटेकोरपणाची ही बाब आहे.

कामाच्या कमांड मोजक्याच आहेत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एकदाच 'रेस्टिक इनिट' चालवलीस की तिथे रिपॉझिटरी तयार होते आणि पासवर्ड ठरतो. मग रोज 'रेस्टिक बॅकअप' आणि पुढे तुझ्या फोल्डरचा पत्ता. 'रेस्टिक स्नॅपशॉट्स' म्हटलंस की आजवरच्या नोंदींची यादी तारखांसह समोर येते. 'रेस्टिक रिस्टोअर' म्हणजे त्यातली हवी ती नोंद परत काढणं. या शेवटच्या कमांडकडे मी पुन्हा येणार आहे.

आत काय चालतं ते थोडं समजून घे, म्हणजे भरवसा आंधळा राहणार नाही. रेस्टिक फाइल जशीच्या तशी उचलून ठेवत नाही. तिच्या मजकुराकडे बघून तिचे तुकडे पाडतं, सरासरी एकेक एमबीच्या आसपास, आणि प्रत्येक तुकड्याची एसएचए-२५६ने ओळख काढतं. त्या ओळखीचा तुकडा रिपॉझिटरीत आधीच असेल तर तो पुन्हा ठेवत नाही. तू ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओमध्ये रेकॉर्ड करतेस, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. रोज सगळ्याची नवी नक्कल काढायची तर डिस्क महिन्याभरात भरेल. इथे मात्र जे नवं किंवा बदललेलं असेल तेवढंच वाढतं. गावाच्या नावाचं फोल्डर तू तालुक्याच्या नावाखाली हलवलंस तर रेस्टिक त्या फाइली पुन्हा वाचेल, पण पुन्हा साठवणार नाही. आणि तरीही प्रत्येक दिवसाची नोंद स्वतःपुरती पूर्ण असते. १४ तारखेचं फोल्डर मागितलंस तर १४ तारखेचं सगळं मिळतं. आवाजाच्या वेव्ह फाइली यातल्या कॉम्प्रेशनने फारशा आक्रसत नाहीत. जागेची अडचण झाली तर त्या फ्लॅकमध्ये बदल, त्यात आवाजाचा कणही जात नाही. एमपी३ मूळ प्रत म्हणून कधीच ठेवू नकोस.

दुसरी गोष्ट, रिपॉझिटरीत जे जातं ते कुलूपबंद होऊनच जातं. मला ही बाब तांत्रिक वाटत नाही. त्या बायकांनी तुझ्यापाशी सासरचं, मेलेल्या लेकराचं, नवऱ्याच्या माराचं बोलून दाखवलं आहे, नावं घेऊन. डिस्क एसटीत विसरली तरी ते कुणा तिऱ्हाइताच्या कानी पडता कामा नये. ती जबाबदारी तू रेकॉर्डरचं बटण दाबलंस तेव्हाच घेतलीस.

पण कुलूप पक्कं असल्याने किल्ली हरवली की तूही बाहेर. रेस्टिकचा पासवर्ड गेला तर तो मिळवून देणारं कोणी नाही, कंपनी नाही, हेल्पलाइन नाही. रोजचा बॅकअप आपोआप व्हावा म्हणून तू पासवर्ड एका फाइलीत लिहून लॅपटॉपवर ठेवशील. तसं करायला हरकत नाही. मात्र तो तिथे आणि फक्त तिथेच असेल, तर लॅपटॉप चोरीला गेला त्या दिवशी पासवर्डही गेला, म्हणजे नेमका ज्या दिवसासाठी हे सगळं केलं त्याच दिवशी ते निकामी. म्हणून तो कागदावर स्वच्छ अक्षरात लिही आणि कागद ताईकडे, तिच्या कपाटात ठेवायला दे. 'रेस्टिक की ॲड' या कमांडने त्याच रिपॉझिटरीला दुसरा पासवर्डही जोडता येतो. तो मॅडमना बंद पाकिटात दे. तू आजारी पडलीस, परगावी असलीस, तरी काम अडू नये.

आता रिस्टोअरकडे येतो. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत काय झालं ते तुला सांगायलाच हवं. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपलं काम ठेवतात अशी ती जागा. रात्री उशिरा डेटाबेसच्या दुरुस्तीत गुंतलेल्या एका इंजिनिअरने एक डिरेक्टरी पुसायची कमांड दिली. ती दुय्यम सर्व्हरवर द्यायची होती, दिली गेली मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. असं कोणाच्याही हातून होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पुढचं ऐक. बॅकअप घ्यायची व्यवस्था त्यांच्याकडे होती, एक नाही, अनेक. रोजचा डेटाबेसचा बॅकअप जिथे जमा व्हायचा तिथे बघितलं तर काहीच नव्हतं. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून तो रोज सुरू होत होता आणि रोज अपयशी होत होता. अपयशाच्या सूचनेच्या ईमेल जात होत्या, पण त्या पलीकडे नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कोणाच्या वाचनात आल्या नाहीत. शेवटी कामी आली ती एक प्रत, जी कोणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने काढली होती. ते सहा तास मात्र गेले ते गेलेच. कंपनीचा मोठेपणा असा की तिने हे सगळं झाकून न ठेवता जगापुढे सविस्तर मांडलं. म्हणून तर आपण त्यातून शिकू शकतो.

त्या लोकांना तुझ्यामाझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. त्यांच्याकडे साधनांची कमतरता नव्हती. त्यांच्या बॅकअपमधून सगळं परत काढून बघणं हे काम ठरवून कोणाकडे दिलेलं नव्हतं, तिथे घात झाला. म्हणून माझं तुला एकच कळकळीचं सांगणं आहे: जोवर परत आणून पाहिलं नाहीस, तोवर आपल्याकडे बॅकअप आहे असं म्हणू नकोस. मनातही नको.

ते कसं करायचं? तुझ्या लॅपटॉपवर नको, तिथे मूळ फाइली असल्याने डोळ्यांची फसगत होते. मैत्रिणीचा किंवा विभागातला दुसरा संगणक घे, त्यावर रेस्टिक टाक, डिस्क जोड, कागदावरचा पासवर्ड बघून टाइप कर. पाठ असलेला नको, कागदावरचाच. मग एका रिकाम्या फोल्डरात सगळं रिस्टोअर कर. पहिल्यांदा तुला दिसेल की फाइली थेट त्या फोल्डरात न येता तुझ्या लॅपटॉपवरचा अख्खा पत्ता, होमपासून खालपर्यंत, त्याच्या आत उभा राहिला आहे. गोंधळू नकोस, ते तसंच असतं. मग एलानची एखादी फाइल उघड. ती आवाजाची फाइल जुन्या जागी शोधेल आणि बहुधा तुलाच विचारेल, ती कुठे आहे. हे आज कळलेलं बरं. तसंच, ज्या ओव्यांचं लिप्यंतर तुझ्या त्या एलान फाइलीत आहे, त्यांचा आवाज दुसऱ्याच फोल्डरात होता आणि ते फोल्डर तू बॅकअपच्या कमांडमध्ये घातलंच नव्हतंस, असंही उघडकीला येऊ शकतं. यादी बघून या गोष्टी कळत नाहीत. उघडून, ऐकून, मजकूर आणि आवाज जुळतो का ते पाहूनच कळतात. दर सत्राच्या सुरुवातीला एकदा हे कर. कंटाळवाणं आहे, तरी कर.

मधल्या काळात 'रेस्टिक चेक' चालवत राहा. नुसती चालवलीस तर ती रिपॉझिटरीची मांडणी तपासते. 'रीड-डेटा' हा पर्याय जोडलास तर प्रत्येक तुकडा वाचून त्याची ओळख पुन्हा पडताळते. डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असलेला डेटा गुपचूप बिघडू शकतो, तो असाच सापडतो. सगळं एका दमात वाचायला वेळ लागतो, तर दर महिन्याला दहा टक्के वाचायची सोयही त्यात आहे.

रोजच्या कामासाठी क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर बरा, कारण ठरल्या वेळी लॅपटॉप बंद असला तर क्रॉन तो दिवस सोडून देतं. टायमरला 'पर्सिस्टंट' सांगून ठेवलंस तर लॅपटॉप सुरू झाल्यावर राहिलेलं काम तो करतो. आणि काम झाल्यावर रेस्टिक जो आकडा परत देतं त्याकडे लक्ष दे. शून्य म्हणजे नीट झालं. एक म्हणजे झालंच नाही. तीन म्हणजे नोंद झाली खरी, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. हा तीनच सगळ्यात घातकी, कारण यादीत त्या दिवसाची नोंद दिसते आणि आपण निर्धास्त होतो. शून्याखेरीज काही आलं तर पडद्यावर ठळक सूचना येईल अशी चार ओळींची स्क्रिप्ट करून घे. नाही जमली तर मला पाठव, दोघं मिळून करू.

जुन्या नोंदी काढायला 'फर्गेट' आहे: रोजच्या सात, आठवड्याच्या पाच, महिन्याच्या बारा ठेव, असं सांगता येतं. फर्गेट नोंद यादीतून काढतं, जागा मात्र 'प्रून' केल्यावरच मोकळी होते. दोन्हींच्या आधी 'ड्राय-रन' लावून काय जाणार ते वाचत जा. खरं तर प्रबंध सादर होईपर्यंत महिन्याची एकही नोंद पुसू नकोस.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. यातल्या शेवटच्या भागाचं महत्त्व कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, २०२१च्या जुलैत पुन्हा. तुझी खोली तळमजल्यावर आहे. लॅपटॉप टेबलावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात असली, तर पाण्याच्या लेखी ती एकच प्रत. म्हणून दुसरी डिस्क घे, तिच्यावर स्वतंत्र रिपॉझिटरी कर, आणि ती इथे पुण्याला माझ्याकडे राहू दे. दोन्ही डिस्का कधीच एकाच वेळी एका छपराखाली आणायच्या नाहीत. इकडे येशील तेव्हा लॅपटॉप आण, कोल्हापूरची डिस्क तिथेच ठेव.

गावात असताना एवढं पाळ: रेकॉर्डरचं कार्ड तेव्हाच पुसायचं, जेव्हा ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आणि डिस्कवर, दोन्हीकडे उघडून ऐकलेलं असेल. कार्डं स्वस्त आहेत, चार जास्त घे. पैसे मी पाठवतो.

डिस्क दोन टीबीची घेतलीस तरी पुष्कळ झाली. या रविवारी 'इनिट' आणि पहिला बॅकअप करून घे, पहिला वेळ खाईल, रात्रभर चालू दे. पुढच्या रविवारी विभागातल्या संगणकावर रिस्टोअर कर आणि आजऱ्याच्या रेकॉर्डिंगपैकी कोणतंही एक तिथून उघडून मला फोनवर ऐकव. त्यात अडलं तर किती वाजले आहेत ते न बघता फोन कर.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा