तिरंग्याचे मोल

बालमित्रांनो, १५ ऑगस्टला आपण ध्वजवंदन करतो. आपल्या वसईच्या उत्तरेस असलेल्या पालघरला त्याचा आदला दिवसही तितकाच पवित्र वाटतो.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे तिरंगा घेऊन निःशस्त्र लोकांचा मोर्चा सरकारी कचेरीकडे निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर यांच्यासह पाच वीर हुतात्मे झाले.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंग्याला राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारले. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. तो स्वतंत्र आकाशात फडकताना पाहणे त्या पाचांच्या नशिबी नव्हते. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरात हुतात्मा स्तंभापाशी लोक नतमस्तक होतात.

मुलांनो, ध्वजाला वंदन करताना त्यांचेही स्मरण करा.