‘भंडारा रोड’ : एका स्थलनामाचा विग्रह

भंडारा जिल्ह्यातील वरठी येथील रेल्वेस्थानकाच्या नावात वरठी नाही. ते ‘भंडारा रोड’ आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वेच्या मीटरगेज मार्गाचा नागपूर ते तुमसर रोड हा टप्पा १८८० मध्ये खुला झाला. १८८८ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेतला व त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. रूळ बदलले, नाव राहिले.

‘भंडाऱ्याचा रोड’ असा षष्ठी तत्पुरुषाचा विग्रह सोपा खरा, परंतु अपुरा आहे. रोड म्हणजे येथे रस्ता नव्हेच, स्थानक होय. ‘भंडाऱ्यास जाणारा रोड आहे जेथे, ते’ असा विग्रह केल्यास अन्यपद प्रधान ठरते व समास बहुव्रीही होतो. लोप पावलेल्या ‘जाणारा’ या पदातच इतिहास आहे : लोहमार्ग शहरापासून दूर राहिला आणि उतारूस पुढची दहाएक किलोमीटरची वाट रस्त्याने काढावी लागली.

याच मार्गावरील तुमसर रोड स्थानक देव्हाडीस आहे. दोन नगरांकडे बोट दाखविताना दोन गावे झाकली गेली. नाशिक रोड येथे तर स्थानकाचे नाव उपनगरालाच चिकटले. वरठीत तसे घडले नाही; पोलाद कारखाना आला, वस्ती वाढली, तरी गाव वरठीच राहिले. (तिकिटावर मात्र ते शोधू नये.) केवळ ग्रामनामे टिपणाऱ्या कोशातून ‘भंडारा रोड’ निसटतो, आणि रेल्वेच्या वेळापत्रकातून वरठी, स्थलनामकोशात दोहोंची नोंद परस्परनिर्देशासह हवी.