लहानग्याचा घरी शिवलेला कोट

चि. भाचीस,


कोल्हापूरची थंडी पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण 14-15 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा 28-29 वर जातो. म्हणून इथल्या मुलाचा कोट पातळच असावा. आठपर्यंत ऊब देणारा आणि दहाला काढून पिशवीत कोंबता येणारा. बाजारातले फुगीर कोट बर्फाच्या मुलखासाठी बेतलेले असतात. त्यांत मूल आधी घामाने भिजते आणि मग त्याच घामाने गारठते.

बाळंतविड्यात झबली-टोपड्यांबरोबर कुंची असते ती याच पहाटेसाठी. डोके आणि पाठ एकाच कापडात झाकली जातात आणि हनुवटीखाली बंद बांधला जातो. खणाची कुंची बारशाच्या कौतुकाला, रोजची सुती. पण कुंची मांडीवरच्या बाळाची. मूल पळू लागले की बंद कडीकोयंड्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो. म्हणून कोटाला बंद किंवा नाडी लावू नये. टोपी हवीच असेल तर ती टिचबटणांनी अडकवावी, म्हणजे ओढ बसताच सुटते.

वरच्या बाजूला जाडसर सुती कापड किंवा कॉरड्युरॉय घ्यावे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. तिथले सुती कापड कोल्हापुरात मिळायला कधीच अडचण नसते. ॲक्रिलिक मऊ लागते, पण आगीशी ते वितळून कातडीला चिकटते. फलालीनची लव झटकन पेट घेते, हेही विसरू नये. शेकोटी आणि औक्षणाचे निरांजन दोन्ही याच दिवसांत मुलाच्या हाताशी येतात. अस्तराला जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे सर्वांत उत्तम. वाकळ ज्या कारणाने उबदार तेच इथेही लागू पडते: पातळ थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरते. कापड आणि अस्तर दोन्ही बेतण्याआधी पाण्यातून काढून वाळवावीत. नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटते, दुसरे आटत नाही आणि कोटाला कायमच्या चुण्या पडतात.

दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण 20 इंच भरते. माप सदऱ्यावरून घ्यावे आणि त्यात 4 इंच सैल धरावे. उंची 14 इंच, बाही 10 इंच, मुंढा साडेपाच इंच. 36 इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड पुरते. बेत आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापावा आणि मुलाच्या पाठीला लावून पाहावा. कागद चुकला तर रद्दीत जातो, कापड चुकले तर जीव हळहळतो. कॉरड्युरॉयवरून हात खालीवर फिरवला की लव कुठे झोपते ते कळते. सगळे भाग त्या एकाच दिशेने बेतावेत. नाहीतर एक बाजू गडद आणि दुसरी फिकी दिसते, आणि हे नेमके कोट पुरा झाल्यावर उन्हात कळते.

शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. मोठ्यांच्या कपड्याला अर्धा इंच पुरते, मुलाच्या कोटाला बगलेत एक इंच, खाली दोन आणि बाहीच्या टोकाला दीड इंच ठेवावी. ही माया कापून टाकायची नसते, आत दुमडून लांब टाक्याने धरायची असते. पुढच्या हिवाळ्यात टाका उसवला की कोट आणखी एक वर्ष चालतो.

शिवताना आधी खांदे जोडावेत आणि मग बाही. नवशिक्याचा हात अडतो तो इथेच. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो. माथ्यावर कडेलगत दोन ओळी धावदोरा घालून दोरा हलके ओढावा. चुणी दिसू न देता कापड गोळा झाले पाहिजे. मग खांद्याच्या शिवणीवर मध्य जुळवून, टाचण्या लावून, कच्चा टाका घालून पाहावे. तरीही चुणी राहिली तर उसवावे. यंत्राखाली ती बसेल ही आशा व्यर्थ असते. बाही बसली की बगल आणि बाही यांची शिवण एका दमात घालावी.

अस्तर वेगळे शिवून उलटे आत घालावे. पाठीच्या मधोमध एक इंचाची सैल घडी सोडावी, म्हणजे मूल वाकले तरी अस्तर ताणत नाही. गळ्याला उरेब पट्टी लावावी, कॉलर आखूड ठेवावी. खालची कड यंत्राने न शिवता हाताने हेम घालावी; शिवण वरून दिसत नाही आणि वाढवताना सोपी जाते.

गुंड्या तीनच, मोठ्या आणि चपट्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या तोंडात सगळे जाते, म्हणून प्रत्येक गुंडी दुहेरी दोऱ्याने टाकून मुळाशी दोऱ्याचे वेढे द्यावेत आणि जोर लावून ओढून पाहावी. काजे आडवी असावीत. उभ्या काजातून गुंडी आपोआप निसटते.

कापड दसऱ्याला आणावे आणि कोट तुळशीच्या लग्नापर्यंत पुरा करावा. रथसप्तमीनंतर तो कोल्हापुरात फारसा लागत नाही.

तुझी मावशी