फडवार हिशेब : ऊस किती गेला यापेक्षा कुठल्या फडातून गेला हे पाहा



हंगाम संपला, ऊसबिल निघाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले, की पारावर विचारणा होते, "औंदा किती टन गेला?" उत्तर तयार असते, "दोन एकरांत बहात्तर टन." बोलणे तिथेच थांबते. आमचे म्हणणे, खरे बोलणे तिथून पुढे व्हावे.

उदाहरणादाखल असे धरू. एका सभासदाचा नदीकाठी १ एकर लागणीचा ऊस आहे आणि माळावर १ एकर तिसरा खोडवा. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये पडले. ७२ टनांचे २,१६,००० आले, खते, औषधे, मशागत, पाणी, वीज मिळून १,२४,००० गेले, ९२,००० उरले. घरात समाधान आहे.

आता हेच आकडे वेगळे करू. नदीकाठाने ५० टन दिले. दीड लाख आले, खर्च ७२,०००, शिल्लक ७८,०००. माळाने २२ टन दिले. ६६,००० आले, खर्च ५२,०००, शिल्लक १४,०००. अजून घरची मजुरी धरलेली नाही. रात्री-अपरात्री पाणी पाजायला घरचीच माणसे जातात. प्रत्येक फडाला वर्षात ४० रोज आणि रोजाला ४०० रुपये धरले, तरी १६,००० होतात. म्हणजे माळाचा फड २,००० रुपये तोट्यात! नदीकाठचा ऊस माळाला पोसत होता आणि मालकाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण शेतीत ती उघडून बघावीच लागते.

उसाचा दर आपल्या एकट्याच्या हाती नाही. एफआरपी कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते. आपल्या हाती आहे ते एकरी टनेज आणि खर्च. म्हणून एवढे करा :

१. प्रत्येक फडाला नाव द्या. वजनपावती हातात पडली, की त्याच दिवशी पाठीमागे फडाचे नाव लिहा. टोळी एकाच दिवशी दोन फडांत असेल, तर मुकादमाला सांगून खेपा वेगळ्या भरून घ्या.

२. बांध, पाट, वाट वगळून उभ्या उसाचे क्षेत्र मोजा. क्षेत्र चुकले, की एकरी उतारा चुकला.

३. खताचे पोते ज्या फडात गेले, त्याच फडाच्या पानावर लिहा. घरची मजुरीही लिहा.

४. तोडणीआधी फडाच्या मध्यावर ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १ गुंठा जागा आखून गाळपालायक ऊस मोजा. १,००० ऊस भरले, तर एकरी ४०,००० झाले. सरासरी वजन सव्वा किलो पडले, तर ५० टन. ऊस ५०० च भरले, तर त्याच वजनाने २५ टन.

या मोजणीने दुखणे कुठे आहे ते कळते. संख्या कमी असेल, तर फडात नांग्या पडल्या आहेत. तिथे जास्तीचा युरिया टाकून काय होणार? असा खोडवा मोडावा, हरभऱ्यासारखे पीक घेऊन फेरपालट करावी आणि मग नवी लागण. संख्या भरपूर पण ऊस हलका असेल, तर खोडवा मोडण्याची घाई नको. आधी माती तपासा, पाण्याच्या पाळ्या बघा.

एक सावधगिरी ठेवा. एकाच वर्षाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. पाऊस लांबला, तोड उशिरा आली, तर चांगला फडही खाली येतो. अशी कारणे आकड्याशेजारी लिहून ठेवा. तीन हंगामांची पाने समोर असली, की निर्णय सोपा होतो.

त्यासाठी शंभर पानी वही पुरते. घरात शिकणारी मुले आहेत, लिहिण्याचे काम त्यांच्याकडे द्या. नव्या लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात याल, तेव्हा वही बरोबर आणा. आपण ती उघडून बोलू.