किल्लीची राखण

कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले गणितज्ञ राजचंद्र बोस १९४९ मध्ये अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी आपले शिष्य द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्यासह १९६० मध्ये, लिखाणातील चुका ओळखणाऱ्या संकेतांची एक पद्धती मांडली. बिटकॉइन या आभासी चलनाचे नव्या धर्तीचे पत्ते याच कुळातील संकेतावर आधारलेले आहेत; पत्त्यातील चारपर्यंत अक्षरे बदलली गेली तरी चूक निश्चितपणे उघडकीस येते.

हार्डवेअर वॉलेट या लहानशा यंत्रात नाणी नसतात. सार्वजनिक खातेवहीतील रक्कम हलविण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली तेवढी त्यात असते. यंत्र प्रथम चालू करताना ते स्वतःच बहुधा १२ किंवा २४ शब्द दाखविते. ते क्रमाने कागदावर उतरून घ्यावेत. त्यांचे छायाचित्र घेऊ नये, संगणकात टंकलिखित करू नयेत. शब्द आधीच छापून आलेले असल्यास ते यंत्र त्याज्य समजावे. मग पिन ठरवावा. रक्कम ठेवण्यापूर्वी यंत्र कोरे करून, त्याच शब्दांवरून किल्ली परत मिळते ना, हे पडताळावे. शब्द हरवले आणि यंत्रही बिघडले, तर दाद मागण्यास कोणतीही पेढी नाही.

शेवटी, पैसे स्वीकारण्याचा पत्ता यंत्राच्याच पडद्यावर वाचावा. बोस यांचा संकेत हातचूक पकडतो. परंतु संगणकात शिरलेल्या लबाडाने बदललेला पत्ता निर्दोषच असतो. तेथे मनुष्याच्या डोळ्यांनाच पहारा करावा लागतो.