वैशाखातील ऊन आणि विमानाचे उड्डाण

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी पहाटे औत जुंपतो आणि ऊन चढताच सोडतो. भर उन्हात राबविलेला बैल पुढे कामास उरत नाही, हे तो जाणतो. जेट विमानाच्या इंजिनासही हाच न्याय लागू पडतो. जिल्ह्यास जवळचा मोठा विमानतळ नागपूरचा. यवतमाळ शहरानजीकही धावपट्टी आहे. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा हवेत इंजिनावर कोणती बंधने येतात आणि धावपट्टीच्या जमिनीशी त्यांचा काय संबंध आहे, हे लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

इंजिन सुरू होताना

बहुतेक प्रवासी विमानांच्या शेपटीत एक लहान साहाय्यक इंजिन असते. त्यातील दाबाखालची हवा मुख्य इंजिनाचा गाभा फिरवू लागते. पूर्ण गतीच्या सुमारे एक पंचमांश गती आल्यावर इंधन सोडले जाते व ते पेट घेते. निम्मी गती आल्यावर बाहेरचा आधार सुटतो. पुरेशी हवा आत येण्यापूर्वीच इंधन पेटले, तर उष्णता वाहून नेण्यास हवा अपुरी पडते आणि टर्बाइनची पाती भाजून निघतात. म्हणून एअरबस ए-३२० विमानांवरील सीएफएम-५६-५बी इंजिनात निष्कास वायूचे तापमान सुरुवातीच्या वेळी ७२५ अंशांपुढे जाऊ देत नाहीत. उड्डाणाच्या वेळी हवेचा प्रवाह भरपूर असल्याने हीच मर्यादा ९५० अंश असते.

उड्डाणाचा रेटा

उड्डाणासाठी लागणारा कमाल रेटा सामान्यतः पाच मिनिटेच वापरता येतो. एक इंजिन बंद पडल्यास अनेक विमानांत दहा मिनिटांची मुभा असते. अनेक इंजिने समुद्रसपाटीवर सुमारे ३० अंशांपर्यंत ठरलेला रेटा देतात. त्यापुढे तोच रेटा मिळविण्याचा प्रयत्न केल्यास टर्बाइनचे तापमान मर्यादा ओलांडील. म्हणून रेटा कमी करावा लागतो. शिवाय हवा विरळ होते. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल मिळण्यास विमानाला अधिक धावावे लागते. परिणामी दुपारच्या विमानात कधी माल कमी घ्यावा लागतो, कधी उड्डाण लांबते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे तापमान ४८ अंशांच्या घरात गेल्याने लहान जेट विमानांची अनेक उड्डाणे रद्द करावी लागली होती.

धावपट्टीचे गणित

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस धावपट्टीची लांबी सात टक्के वाढवावी. त्यानंतर त्या उंचीवरील प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश अधिक, तितके टक्के आणखी वाढवावी. यासाठी सर्वांत उष्ण महिन्यातील रोजच्या कमाल तापमानाची सरासरी धरतात.

उदाहरणार्थ, एखाद्या विमानास समुद्रसपाटीवर १,५०० मीटर धावपट्टी पुरते असे समजू. सुमारे ४५० मीटर उंचीवरील यवतमाळसारख्या ठिकाणी ती प्रथम १,६५८ मीटर होईल. तेथील प्रमाण तापमान सुमारे १२ अंश. उष्ण महिन्याची सरासरी ४२ अंश धरल्यास आणखी ३० टक्के, म्हणजे एकूण सुमारे २,१५५ मीटर लांबी लागेल. एकंदर वाढ ३५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास स्वतंत्र अभ्यास करावा, असेही हे मार्गदर्शन सांगते.

तात्पर्य, साडेसहाशे मीटरची ही वाढ ऐषआरामासाठी नसून उन्हाची भरपाई आहे. मात्र ही जमीन कुणाची तरी शेतजमीन असते. म्हणूनच ती मागताना हे गणित ग्रामसभेपुढे उलगडून मांडणे, आणि त्यासाठी स्थानिक तापमानाच्या नोंदी चोख ठेवणे, हे संबंधितांचे कर्तव्य ठरते.